कागदावरचे ढग

इ. स. १८५५ मध्यें लॉर्ड डलहौसीनें ब्रह्मदेशांतील आवाच्या दरबारीं वकिलात पाठविली. तेथील देवालयांचीं छायाचित्रें घेण्याचें काम मद्रासच्या सैन्यांतील अधिकारी लिनियस ट्राइप याजकडे होतें. त्या काळचीं रसायनें निळ्या प्रकाशानें फार लवकर पालटत, हिरव्यानें मात्र क्वचितच; त्यामुळें आभाळ कोरें उतरे आणि झाडें काळवंडत. ट्राइपनें कागदी निगेटिव्हवर कुंचल्यानें रंग चढविला. रंगानें प्रकाश अडला कीं छापांत तो भाग उजळे. अशा रीतीनें शुभ्र ढग उमटले, पर्णराजी खुलली. सरकारी दप्तरासाठीं घेतलेल्या चित्रांत हें असत्य म्हणावें कीं यंत्राच्या अंधत्वावरील उतारा, हें श्रोत्यांनींच ठरवावें. ते ढग त्या दिवशींचे नव्हेत. परंतु कोरें आभाळ तरी त्या दिवशींचें कोठें होतें?