तीन टेकड्या आणि एक उतार

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

बंदर म्हटलं की डोळ्यांपुढे मुंबई येते. फार तर इतिहासात वाचलेलं सोपारा किंवा चौल आठवतं. आपल्या भंडारा जिल्ह्याला समुद्राचा वारासुद्धा लागत नाही. तरीही आज मी जिल्ह्यातल्याच एका बंदराविषयी बोलणार आहे. तिथं गलबतं लागली नाहीत, माणसं लागली. हे गाव म्हणजे वैनगंगेच्या उजव्या काठावरची पवनी.

वैनगंगा शिवनी जिल्ह्यात उगम पावते, मोठा वळसा घेऊन दक्षिणेला वळते, वर्धेला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीबरोबर बंगालच्या उपसागरात जाते. दक्षिण कोसलातून, म्हणजे आजच्या छत्तीसगडकडून, विदर्भात येणाऱ्याला ही नदी ओलांडल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. असा नदीचा उतार जिथं असतो तिथं आधी मुक्काम पडतो, मग बाजार, मग गाव. पवनीला तीन बाजूंनी मातीचा तट आणि खंदक, चौथ्या बाजूला खुद्द नदी.

गावाजवळ तीन टेकड्या आहेत. एक जगन्नाथ टेकडी, दुसरी हरदोलाला टेकडी आणि तिसरी चांदकापूरची, जिला लोक सुलेमान टेकडी म्हणतात. लहानपणी मला वाटे, हा सुलेमान आमच्याच कुणा पणजोबांचा सोयरा असावा. मोठेपणी कळलं की 1969-70 मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व खात्यानं शां. भा. देव आणि ज. प. जोशी यांच्या देखरेखीखाली इथं उत्खनन केलं, तेव्हा जगन्नाथाच्या आणि सुलेमानच्या टेकडीखाली बौद्ध स्तूप निघाले. हरदोलालाच्या टेकडीखालीही स्तूपच होता, हे पुढे 1994 च्या उत्खननात दिसलं. हरदोल हा बुंदेलखंडातला लोकदेव. म्हणजे पुरीचा देव, बुंदेलखंडाचा लालाजी आणि कुणी सुलेमान असे तिघेजण तीन स्तूपांवर येऊन बसले आणि खाली काय आहे हे गाव विसरून गेलं. माझा सोयरा हातचा गेला याचं थोडं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू!

पण मला खरं वेड लावलं ते जगन्नाथ टेकडीच्या दगडी कठड्यानं. त्यावर ब्राह्मी अक्षरांत दान देणाऱ्यांची नावं आहेत. पाच निकाय जाणणारा नाग नावाचा एकजण आहे. विसमिता नावाची एक बाई आहे. तिनं दान दिलं आणि खाली कोरून घेतलं की हे सर्व प्राणिमात्रांच्या सुखासाठी असो. हे दोन हजार वर्षांपूर्वीचं. तिनं स्वतःसाठी काही मागितलं नाही, घरच्यांसाठीही नाही. पवनीतच महाक्षत्रप कुमार रूपिअम्म याच्या नावाचा स्मृतिस्तंभ सापडला. हा शकांच्या वंशातला, परका माणूस. त्याचीही आठवण या काठानं जपली.

पुढे गोंड आले, भोसले आले. कोष्ट्यांनी माग मांडले आणि पवनीची लुगडी दूरवर जाऊ लागली. ढिवरांनी नदीवर जाळी टाकली.

आता नदीचंच बोलू. पवनीच्या वरच्या अंगाला, गोसे गावाजवळ 1988 साली राजीव गांधींच्या हस्ते धरणाची पायाभरणी झाली. गोसीखुर्दच्या पाण्यासाठी कितीतरी गावं उठली. घाटावर किती पाणी असावं हे आता आभाळाबरोबर धरणाचे दरवाजेही ठरवतात. ऑगस्ट 2020 च्या पुराची आठवण काठावरच्यांना विचारा. त्यात नागपूरचं सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान ते पाणी वैनगंगेत आणून सोडते. विसमितेच्या प्राणिमात्रांत मासेही येत असतील, आणि ते पकडणारे ढिवरही.

कधी पवनीला गेलात तर देवळं जरूर पाहा. तिथं ती पुष्कळ आहेत. मग वैजेश्वराच्या घाटावर थोडं बसा, आणि उन्हं उतरली की कुणालाही विचारा, सुलेमान टेकडी कुठं आहे. माझ्या त्या सोयऱ्याचं नाव अजून चालतं.