टर्बोचार्जरमधील बूस्ट नियंत्रण

टर्बोचार्जर बसवलेल्या इंजिनात सिलिंडरकडे जाणाऱ्या हवेचा दाब किती वाढू द्यायचा, हे ठरवण्याच्या क्रियेस बूस्ट नियंत्रण असे म्हणतात. वातावरणाच्या दाबाहून जो अधिकचा दाब टर्बोचार्जर निर्माण करतो, त्यास बूस्ट ही संज्ञा आहे. गाडीची शक्ती वाढवण्यासाठी हा दाब दोन मार्गांनी बदलला जातो. पहिल्या मार्गात हस्तचलित बूस्ट कंट्रोलर नावाची छोटी यांत्रिक झडप बसवतात, तर दुसऱ्यात इंजिनाच्या संगणकातील म्हणजे ईसीयूमधील आज्ञावलीची मूल्ये बदलतात. झडप केवळ दाब बदलते. आज्ञावलीत मात्र दाबाबरोबर इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि संरक्षक मर्यादाही बदलता येतात. परभणी जिल्ह्यासारख्या कडक उन्हाळ्याच्या प्रदेशात या फरकावर इंजिनाचे आयुष्य अवलंबून राहू शकते.

पार्श्वभूमी

बाहेर पडणाऱ्या धुराच्या शक्तीवर हवा दाबून इंजिनात भरण्याच्या कल्पनेचे पेटंट स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये घेतले. प्रवासी मोटारींत टर्बोचार्जर प्रथम १९६२ मध्ये अमेरिकेतील ओल्ड्समोबिल जेटफायर व शेव्हरोले कॉर्व्हेअर या गाड्यांत आला. स्वीडनच्या साब कंपनीने १९८० च्या दशकाच्या आरंभी नॉकिंग ओळखणारा संवेदक आणि विद्युत झडप यांची सांगड घालून बूस्ट आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली आणली. आजच्या संगणकीय नियंत्रणाची मूळ कल्पना तीच आहे.

महाराष्ट्रात तयार झालेल्या वाहनांपैकी नाशिक येथे बनलेली आणि २००२ मध्ये बाजारात आलेली महिंद्रा स्कॉर्पिओ मराठवाड्यात विशेष परिचित आहे. तिच्या पहिल्या आवृत्तीत २.६ लिटरचे टर्बो डिझेल इंजिन होते. संगणकाच्या आज्ञेने इंधन फवारणारी कॉमन रेल पद्धत तिच्यात नंतर आली.

वेस्टगेटचे कार्य

टर्बोचार्जरमध्ये एकाच दांड्यावर दोन चाके असतात. धुराच्या झोताने टर्बाइन फिरते आणि दुसऱ्या टोकाचा कॉम्प्रेसर बाहेरची हवा दाबून आत ढकलतो. इंजिन जितके जोरात चालेल तितका धूर वाढतो आणि दाबही वाढत जातो. यावर मर्यादा घालण्यासाठी टर्बाइनला वळसा देऊन काही धूर परस्पर बाहेर सोडणारे एक दार असते, त्यास वेस्टगेट म्हणतात.

पारंपरिक रचनेत हे दार पडदा आणि स्प्रिंग असलेल्या डबीने उघडते. कॉम्प्रेसरकडून आलेला दाब एका नळीतून या पडद्यावर पडतो. तो स्प्रिंगच्या जोरापेक्षा अधिक झाला की दार उघडते आणि बूस्ट स्थिर होतो. म्हणून स्प्रिंगचा जोर ही बूस्टची किमान पातळी असते. नळीतील दाबात फेरफार करणाऱ्या कोणत्याही उपायाने बूस्ट वाढवता येतो, पण स्प्रिंगने ठरवलेल्या पातळीखाली आणता येत नाही.

हस्तचलित बूस्ट कंट्रोलर

हा कंट्रोलर वरील नळीत बसवतात. त्याचे दोन प्रकार प्रचलित आहेत. गळतीच्या प्रकारात नळीतील थोडी हवा बाहेर सोडली जाते, त्यामुळे पडद्याला प्रत्यक्षापेक्षा कमी दाब जाणवतो. गोळी व स्प्रिंगच्या प्रकारात ठरावीक दाब येईपर्यंत पोलादी गोळी वाट अडवून धरते आणि मग एकदम मोकळी करते. दुसऱ्या प्रकारात दार उशिरा उघडते, म्हणून दाब लवकर चढतो. दोन्ही प्रकारांत स्क्रू फिरवून मर्यादा ठरवतात.

हे साधन स्वस्त आहे, त्यास वीज लागत नाही आणि ते काढून टाकले की गाडी मूळ स्थितीत येते. ज्या जुन्या इंजिनांत वेस्टगेट पूर्णपणे यांत्रिक आहे आणि इंधनपुरवठ्यात पुरेशी सवड आहे, तेथे अनुभवी कारागिराने दाबमापक लावून केलेली मर्यादित वाढ उपयुक्त ठरते.

त्याची उणीव त्याच्या साधेपणातच आहे. हवा वाढली आहे, ही वार्ता तो इंजिनाच्या इतर भागांना देत नाही. पेट्रोल इंजिनातील दाब ईसीयूच्या तक्त्यांच्या कडेपलीकडे गेला, तर मिश्रणात इंधन कमी पडू शकते. ठिणगीची वेळ मूळ दाबासाठी ठरवलेली असल्याने मिश्रण अवेळी पेटते आणि नॉकिंग सुरू होते. ते चालू राहिल्यास पिस्टनचा माथा, रिंगा आणि हेड गॅस्केट यांना इजा पोहोचते. आधुनिक गाडीत दाबाचा संवेदक वाढ ओळखतो. मग संगणक इंधन तोडतो किंवा गाडीला मर्यादित शक्तीच्या सुरक्षित अवस्थेत टाकतो.

संगणकीय ट्यूनिंग

ईसीयूच्या स्मृतीत मॅप या नावाने ओळखले जाणारे अनेक तक्ते असतात. इंजिनाचे फेरे, अ‍ॅक्सिलरेटरची स्थिती, आत येणाऱ्या हवेचे तापमान व दाब यांनुसार बूस्टचे लक्ष्य, इंधनाचे प्रमाण, ठिणगीची वेळ आणि टॉर्कची मर्यादा या तक्त्यांतून वाचली जाते. विद्युत झडप सेकंदाला अनेक वेळा उघडझाप करून वेस्टगेटवरील दाब त्या लक्ष्याशी जुळवते. हे तक्ते बदलून पुन्हा भरण्यास रीमॅप म्हणतात. जबाबदार पद्धतीत मूळ आज्ञावलीची प्रत राखून ठेवली जाते, गाडी डायनोवर चालवली जाते आणि नॉकिंग, तापमान व मिश्रण यांच्या नोंदी पाहून मूल्ये टप्प्याटप्प्याने बदलली जातात.

रीमॅप म्हणजे आपोआप सुरक्षितता नव्हे. निर्मात्याने राखलेल्या संरक्षक मर्यादा काढून टाकल्या, तर चांगला संगणकही इंजिन वाचवू शकत नाही. क्लच व गिअरपेटी यांची ताकद आज्ञावलीने वाढत नाही.

या दोहोंच्या मध्ये ट्यूनिंग बॉक्स हा तिसरा प्रकार आहे. तो संवेदक आणि ईसीयू यांच्यामध्ये बसून खोटे संकेत पुढे पाठवतो. ईसीयूला दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे भासते, म्हणून तो अधिक दाब वा इंधन देतो. खरी स्थिती ईसीयूपासून लपलेली राहते, हा दोष येथेही कायम असतो.

डिझेल इंजिनातील फरक

पेट्रोल इंजिनात जितकी हवा तितके इंधन असा मेळ ठेवावा लागतो, म्हणून बूस्ट वाढला की शक्ती वाढते. डिझेल इंजिनात हवा बहुधा गरजेपेक्षा जास्तच असते आणि शक्ती फवारलेल्या इंधनावर ठरते. त्यामुळे डिझेल गाडीत केवळ बूस्ट वाढवून शक्तीत विशेष भर पडत नाही. जुन्या यांत्रिक पंपाच्या जीप, टेम्पो व ट्रॅक्टरमध्ये पंपाचा स्क्रू वाढवून अधिक डिझेल सोडण्याची पद्धत आढळते. तेथे उलट प्रसंग उद्भवतो. इंधन वाढते आणि हवा तेवढीच राहते. काळा धूर हे त्याचे दृश्य लक्षण होय. धुराचे वाढलेले तापमान मात्र डोळ्यांना दिसत नाही, आणि टर्बाइन व पिस्टन यांना खरा धोका त्याचाच असतो.

हवामानाचा परिणाम: परभणी जिल्हा

परभणी जिल्ह्यात हिवाळ्यात पारा काही वेळा ५ अंश सेल्सिअसखाली उतरतो, तर उन्हाळ्यात तो ४४ अंशांपलीकडे जातो. एवढा फरक इंजिनाच्या दृष्टीने मोठा आहे. कॉम्प्रेसरची कार्यक्षमता ७० टक्के धरून हवा १.७ पट दाबली, तर जानेवारीतील १२ अंशांची हवा सुमारे ७९ अंशांपर्यंत तापते. मे महिन्यातील ४२ अंशांची हवा तेवढ्याच दाबाला सुमारे ११६ अंशांवर जाते. कंट्रोलरचा स्क्रू फिरवून हे प्रमाण २ पट केले, तर मे महिन्यात तापमान सुमारे १४१ अंश होते. इंटरकूलर हवा थंड करतो, परंतु बाहेरच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही.

हवा जितकी तप्त, तितकी नॉकिंगची शक्यता अधिक. बीएस-६ मानकात साध्या पेट्रोलचा किमान ऑक्टेन अंक ९१ ठरवण्यात आला होता. निर्मात्याने राखलेली सुरक्षिततेची सवड मुख्यतः अशाच परिस्थितीसाठी असते. ईसीयू तापमान मोजून ठिणगी मागे घेतो आणि गरज पडल्यास बूस्ट कमी करतो. हस्तचलित कंट्रोलरला ऋतू कळत नाही. हिवाळ्यातील सकाळी निर्धोक वाटलेली मर्यादा तो मे महिन्याच्या दुपारीही तशीच ठेवतो. उत्तरेकडील जिंतूर तालुक्यातील चढांवर भरलेली गाडी कमी वेगाने व पूर्ण अ‍ॅक्सिलरेटरवर चालते. रेडिएटर व इंटरकूलर यांना त्या वेळी वारा कमी मिळतो आणि इंजिनावरील भार मात्र सर्वाधिक असतो.

महाराष्ट्रात निर्मित गाड्यांतील उदाहरणे

• फियाटचे १.३ लिटर मल्टिजेट डिझेल इंजिन पुण्याजवळील रांजणगाव येथे बनत असे. त्याच्या ७५ पीएस आवृत्तीत वेस्टगेटचा साधा टर्बो होता, तर ९० पीएस आवृत्तीत पात्यांचा कोन बदलणारा टर्बो होता. शक्ती वाढवताना निर्मात्याने यंत्रभाग आणि आज्ञावली दोन्ही बदलल्या.

• रांजणगाव येथेच बनणाऱ्या टाटा नेक्सॉनचे १.२ लिटर टर्बो पेट्रोल इंजिन २०१७ मध्ये ११० पीएसचे होते. २०२० च्या बीएस-६ आवृत्तीत ते १२० पीएसचे झाले, टॉर्क मात्र १७० न्यूटन-मीटरच राहिला.

• चाकण येथे बनलेल्या फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआयमध्ये २०१३ मध्ये १०५ पीएसचे १.२ लिटर इंजिन आले. त्यात वेस्टगेट विद्युत मोटरने चालते. दाबाची नळीच नसल्याने हस्तचलित कंट्रोलर बसवण्यास जागा उरत नाही. त्या गाडीच्या सात गतींच्या दुहेरी क्लच गिअरपेटीची क्षमता २५० न्यूटन-मीटर असून इंजिनाचा मूळ टॉर्क १७५ आहे. रीमॅपची कमाल मर्यादा त्यामुळे इंजिनापेक्षा गिअरपेटी ठरवते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांहून वेगळे होतील असा बदल मालकास करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधील एका प्रकरणात या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ नुसार, अधिनियमाने परवानगी नसलेल्या प्रत्येक फेरबदलासाठी पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परभणीत नोंदलेल्या म्हणजे एमएच-२२ क्रमांकाच्या वाहनांनाही हीच तरतूद लागू आहे. वाहनाची हमी अशा बदलाने संपुष्टात येऊ शकते, आणि विमा कंपनीस न कळवलेला बदल दावा नाकारण्याचे कारण ठरू शकतो.

पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे बदल निर्दोष आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. पेट्रोल गाडीची ही तपासणी इंजिन जागेवर रिकामे फिरत असताना होते, आणि त्या वेळी बूस्ट नसतोच.

हे सुद्धा पहा

• टर्बोचार्जर
• इंटरकूलर
• डिझेल इंजिन
• भारत स्टेज उत्सर्जन मानके
• परभणी जिल्हा