मृत्युदरातील प्रादेशिक विषमता
देशादेशांत किंवा एकाच देशाच्या निरनिराळ्या भागांत मृत्यूच्या प्रमाणात आढळणारी तफावत. भारत सरकारच्या नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली दर हजार जिवंत जन्मांमागे अर्भकमृत्यू केरळात ६, महाराष्ट्रात १६, मध्य प्रदेशात ४३ होते. राज्याची सरासरी मात्र फसवी असते; एकाच जिल्ह्यातही मोठी तफावत असते. नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत मुंबई-आग्रा महामार्गावर आहे. तिथले टोमॅटोचे क्रेट रातोरात मुंबई गाठतात. त्याच जिल्ह्यात सुरगाणा-पेठच्या काही पाड्यांवरून अडलेल्या बाईला पावसाळ्यात डोलीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते. निफाडच्या द्राक्षबागांत छाटणीला येणारे अनेक मजूर याच पाड्यांवरचे. ही दरी कमी करता येते: गडचिरोलीत डॉक्टर दांपत्य अभय व राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना नवजाताची काळजी घ्यायला शिकवले. १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापलेल्या त्यांच्या अभ्यासात नवजातमृत्यू निम्म्याहून अधिक घटल्याचे दिसते.