पारघाटाची वाट

आमचे इतिहासलेखक बहुधा गडाच्या दरवाजापाशी थांबतात. त्या दरवाजापर्यंत माणसे कोणत्या वाटेने आली, याची चौकशी क्वचितच होते. इंग्लंडात खडूच्या टेकड्यांच्या माथ्यावरून रिजवे नावाची पुरातन वाट जाते. तिचे सुमारे 140 किलोमीटर 1973 साली राष्ट्रीय पदपथ म्हणून राखले गेले. महाडहून पोलादपूर, किनेश्वर करीत पारघाटाने जावळीत चढणाऱ्या वाटेच्या नशिबी तसा मान नाही. आणि इतिहास तर हिच्याही पाठीशी थोडाथोडका नाही!

महाड हे सावित्रीवरील जुने बंदर. गावाशेजारच्या गांधारपाले लेण्यांत विष्णुपालित नामक कुमाराच्या दानाचा ब्राह्मी लेख आहे. असली दाने आडरानात होत नसतात. बंदरातला माल बैलांच्या पाठीवरून घाटमाथ्यास जाई, त्या रहदारीच्या कडेनेच दाते आणि भिक्षू नांदले असले पाहिजेत. पुढे पोलादपुरास शिवभारतकार कवींद्र परमानंदांची समाधी, आणि मुख्य वाट सोडून थोडे आत गेल्यास उमरठला तानाजी मालुसऱ्यांची.

परंतु या वाटेचे खरे मर्म घाट चढून पारास पोहोचल्यावर कळते. 1659 साली अफजलखान वाईहून निघून पलीकडच्या रडतोंडी घाटाने येथेच उतरला. नावातच त्या घाटाचे वर्णन आले! खान पूर्वी वाईचा सुभेदार होता, तेव्हा मुलूख त्यास अगदीच अनोळखी नव्हता. तथापि मुलूख ठाऊक असणे निराळे, आणि हत्ती, उंट व तोफा घेऊन त्याच्या रानवाटा उतरणे निराळे. मैदानात पसरणारी फौज येथे एकामागे एक अशी ओळीने चालू लागली, आणि तिची अर्धी ताकद तेथेच गळाली. 10 नोव्हेंबरच्या भेटीत खान पडला. पारच्या छावणीभोवतीच्या रानात मराठ्यांचे लोक आधीच दबा धरून होते. वाघनखांची कथा आपण मुलांस हौसेने सांगतो. पण जागेच्या निवडीची कथा, माझ्या मते, तिच्याहून मोठी आहे. अठराव्या दिवशी पन्हाळा हाती आला, तो याच निवडीच्या बळावर.

1876 साली आंबेनळीतून फिट्झजेराल्ड घाटाचा गाडीरस्ता झाला आणि पारघाटाची वर्दळ ओसरली. रामवरदायिनीचे देऊळ तेवढे जागते राहिले. कोयनेवरचा शिवकालीन दगडी पूल मात्र पारच्या लोकांच्या पायांखाली अजून आहे.