पाटील, प्रतिभा देवीसिंह

(जन्म १९ डिसेंबर १९३४). भारताच्या बाराव्या राष्ट्रपती आणि त्या पदावर आलेल्या पहिल्या महिला. जन्म जळगाव जिल्ह्यातील नाडगाव येथे. जळगावच्या मूळजी जेठा महाविद्यालयातून एम.ए. व मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयातून कायद्याची पदवी संपादन केल्यावर त्यांनी जळगावास वकिली आरंभिली. महाविद्यालयात त्या टेबल टेनिसपटू म्हणून गाजल्या होत्या.

१९६२ साली जळगावमधून विधानसभेवर निवडून आल्यानंतर पुढील चार निवडणुका त्यांनी एदलाबाद, म्हणजे हल्लीच्या मुक्ताईनगर, मतदारसंघातून ओळीने जिंकल्या. उपमंत्री, मंत्री, १९७९-८० मध्ये विरोधी पक्षनेत्या, १९८६ ते १९८८ राज्यसभेच्या उपसभापती, १९९१ पासून अमरावतीच्या खासदार आणि २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल, अशी ही चढती परंपरा ज्यांनी डोळसपणे वाचली असती, त्यांना २००७ मधील निवडीचे इतके आश्चर्य वाटण्याचे कारण नव्हते. परंतु दिल्लीच्या मसलतीत राज्याच्या राजकारणातील दीर्घ चाकरीला फारसा भाव नसतो. गृहमंत्री शिवराज पाटील यांच्या नावास डाव्या पक्षांनी रुकार दिला नाही, डाव्यांच्या पाठिंब्यावाचून सत्ताधारी आघाडीचे गणित जुळत नव्हते, आणि अखेर १४ जून रोजी, चर्चेत फारसे नसलेले प्रतिभाताईंचे नाव जाहीर झाले.

राष्ट्रपतीची निवड मतांच्या मोजणीवर नव्हे, तर मतांच्या मूल्यावर ठरते: १९७१ च्या जनगणनेनुसार पनवेलचा आमदार असो की गडचिरोलीचा, महाराष्ट्रात प्रत्येकाच्या मताचे मूल्य १७५, संपूर्ण सभागृहाचे ५०,४००, तर खासदाराच्या एका मताचे २००७ मध्ये ७०८ होते. त्यामुळे भारतीय जनता पक्षाचा मित्रपक्ष असूनही शिवसेनेने मराठी उमेदवार म्हणून त्यांना दिलेला पाठिंबा केवळ भावनेचा विषय नव्हता. प्रतिस्पर्धी उपराष्ट्रपती भैरोंसिंह शेखावत. आणि गंमत अशी की प्रतिभाताईंचे पती देवीसिंह यांचे कुलनामही शेखावतच, त्यांचे मूळ घराणे राजस्थानातलेच. प्रचारात, प्रतिभाताईंनी पूर्वी स्थापिलेल्या महिला सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेने २००३ साली रद्द केल्याचे प्रकरण विरोधकांनी उकरून काढले. तरीही ६,३८,११६ विरुद्ध ३,३१,३०६ अशा मतमूल्याने त्या विजयी झाल्या आणि २५ जुलै २००७ रोजी त्यांचा शपथविधी झाला.

कारकीर्द घटनात्मक मर्यादेत राहिली. शिक्षणहक्क कायद्यास २००९ साली त्यांची संमती मिळाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात, पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर, पुण्याच्या लोहगाव तळावरून त्यांनी सुखोई विमानातून उड्डाण केले. ही घटना वृत्तपत्रांना आवडली; त्यांच्या परदेश दौऱ्यांचा खर्च मात्र टीकेचा विषय झाला.

विचारात घेण्याजोगा भाग दयाअर्जांचा. अनुच्छेद ७२ खालील हा अधिकार मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालतो, ही गोष्ट टीकाकार सहसा विसरतात. त्यांच्या मुदतीत सुमारे पस्तीस जणांची फाशी जन्मठेपेत परिवर्तित झाली, त्यांत अत्यंत क्रूर गुन्ह्यांतील दोषीही होते. राजीव गांधी यांच्या मारेकऱ्यांचे अर्ज मात्र ऑगस्ट २०११ मध्ये फेटाळले गेले. सरकारी दफ्तराची गती किती मंद, याचे उदाहरण यांतच सापडते: २०१२ मध्ये ज्यांना जीवदान मिळाले, त्यांतील एक कैदी २००७ सालीच तुरुंगात मरण पावला होता.

निवृत्तीनंतरच्या निवासासाठी पुण्यात खडकी येथे लष्कराच्या जमिनीवर बंगला बांधण्याच्या बेतावर वाद उठताच त्यांनी तो सोडून दिला. २५ जुलै २०१२ रोजी प्रणव मुखर्जी यांच्याकडे पदभार देऊन त्या पायउतार झाल्या व पुढे पुण्यातच वास्तव्यास गेल्या.