पाटल्या, वडाप आणि जीपगाडी



गावच्या जुन्या गोष्टींच्या या गप्पांमध्ये आज आपण गाडीबद्दल बोलणार आहोत. बैलगाडी नव्हे, एस.टी. नव्हे, जीप. गेले काही महिने गटाची बैठक झाली, हप्ते जमा झाले, वह्या मिटल्या, की आम्ही सगळ्यांना एकच प्रश्न विचारत होतो: तुमच्या घरची किंवा गावातली कुठली गाडी तुम्हाला अजून आठवते? पहिल्यांदा सगळ्या हसल्या. "आम्हाला काय गाडीतलं कळतंय," म्हणाल्या. आणि मग तासभर कुणी उठेना.

आधी जीप आली कुठून ते बघू. जीप मुळात लढाईची गाडी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यासाठी तिचा नमुना तयार झाला आणि युद्ध संपेपर्यंत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त जीपा बांधल्या. चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळायची, त्यामुळं चिखल असो की ओढा, ती निघायचीच. युद्ध संपलं आणि उरलेल्या गाड्या विकायला निघाल्या. त्यातल्या काही आपल्या देशातही राहिल्या.

१९४५ साली महिंद्रा अँड मोहम्मद नावाची कंपनी निघाली होती. फाळणीनंतर त्यातले गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. इकडं १९४८ साली कंपनीचं नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. या कंपनीनं अमेरिकेहून सुटे भाग आणून मुंबईत जीप जोडायला सुरुवात केली. अमेरिकेच्या जीपचं स्टिअरिंग डाव्या हाताला असतं, आपल्याकडं ते उजव्या हाताला लागतं. म्हणजे बघा, ही गाडी आपल्या देशात रुजली तीच मुळी बदल करून. पुढं तिच्यात जे जे बदल झाले, त्यातले निम्मे कारखान्यात झाले आणि निम्मे आपल्या तालुक्याच्या गॅरेजांत.

सुरुवातीला जीप म्हणजे सरकार. १ मे १९६२ ला महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या, पंचायत समित्या आल्या, बीडीओ आले आणि त्यांच्याबरोबर जीप आली. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलेल्या आज्या अजून आपल्यात आहेत. त्या सांगतात, लांबून धुरळा दिसला की मुकादम ओरडायचा, "जीप आली, जीप आली!" बसलेल्या बायका उठायच्या, हातोडा जोरात चालायला लागायचा. एका आजीनं आम्हाला विचारलं, "त्या जीपमधला साहेब दिसायला कसा हुता ते इचार. म्या कधी मान वर करून बघितलाच न्हाई. चाकं तेवढी बघितली." सरकारी जीपबद्दलची एवढी खरी आठवण आम्ही कुठल्याही पुस्तकात वाचली नाही.

मग सरकारी गाड्या जुन्या झाल्या की लिलावात निघायला लागल्या. माण, खटाव, आटपाडी, सांगोला या आपल्या कोरड्या भागात एखाद्या हौशी माणसानं लिलावातली जीप घेतली की सगळं गाव बघायला यायचं. तिथून खरी गंमत सुरू झाली.

लिलावातली जीप म्हणजे पेट्रोल पिणारी. ते परवडायचं नाही. म्हणून पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवायचे. कारखान्यानंही पुढं फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या परवान्यानं बनलेली डिझेल इंजिनं जीपमध्ये घातली, पण गावच्या मिस्त्रीनं कारखान्याची वाट बघितली नाही. जे इंजिन मिळेल ते तो बसवायचा. पुढच्या चाकांना ताकद देणारा भाग काढून टाकायचा, कारण डांबरी सडकेवर त्याचा उपयोग नाही आणि डिझेल मात्र जास्त जातं. ओझ्यानं गाडी बसू नये म्हणून कमानपाट्यात एक-दोन जादा पाटे घालायचे. रिकामी गाडी मग अशी उधळायची की पाठीमागं बसलेल्याचं डोकं हूडाच्या दांडीला लागायचं. मागची बाजू कापून, पत्रा जोडून लांब करायची, समोरासमोर बाकडी टाकायची. टपावर कॅरिअर, मागं शिडी. कॅरिअरवर कोंबड्यांच्या पाट्या, कांद्याची पोती, कधी शेळीसुद्धा. हूड रेक्झिनचं, शिवणार तालुक्याचा शिंपी.

सेल्फ बिघडला तर दुरुस्तीला पैसे कुठले? गाडी रात्री उतारालाच लावायची. आमच्याकडं एका गावात असा एकच उतार, देवळापुढचा. दोन जीपा झाल्या तेव्हा त्या उतारावरून दोन भावकीत भांडण लागलं होतं, हे आम्ही हसण्यासाठी सांगत नाही. ते भांडण चार वर्षं चाललं.

हे सगळं पुरुष रंगवून सांगतात. कुठल्या गाडीला कुठलं इंजिन, हॉर्न कुठून आणला, टेपला किती स्पीकर. पण बायकांना विचारलं तेव्हा वेगळीच यादी निघाली. सीटची कव्हरं कुणी शिवली? जुन्या लुगड्याच्या घड्या घालून गोधडीसारखी टाके मारलेली गादी ड्रायव्हरच्या सीटवर असायची, ती घरातल्या बाईनं केलेली. पुढच्या काचेवर मण्यांचं तोरण, लोकरीचे गोंडे, आरशाला क्रोशाची झालर, बंपरला बांधलेली काळी बाहुली. आणि पाठीमागची पायरी! जीपचा मागचा भाग उंच असतो. नऊवारी नेसलेल्या म्हातारीनं चढायचं कसं? एका मावशीनं नवऱ्याला सांगितलं, "लोखंडाची पायरी आणि धरायला दांडी लावा, नाहीतर मी भाकरी देणार नाही." पायरी लागली. मग त्या मार्गावरच्या बाकीच्या जीपांनाही लावावी लागली, कारण म्हाताऱ्या त्याच गाडीसाठी थांबायला लागल्या. मिस्त्रीनं केलेल्या कुठल्याही बदलापेक्षा हा बदल आम्हाला मोठा वाटतो.

म्हाताऱ्या थांबायच्या म्हणजे कशासाठी, तर वडापसाठी. आपल्या एस.टी.ची पहिली बस १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली. पण वाडी-वस्तीवर एस.टी. पोचायला पुढं कितीतरी वर्षं गेली, आणि पोचली तरी सकाळी एक, संध्याकाळी एक, नाहीतर रात्रीची मुक्कामी. मधल्या वेळात बाईनं जायचं कसं? १९९० च्या आसपास महिंद्राची कमांडर आली, पुण्याच्या बजाज टेम्पो कंपनीची ट्रॅक्स आली. (जाता जाता सांगतो, आपण ज्याला सर्रास टेम्पो म्हणतो, ते मुळात जर्मनीतल्या एका कंपनीच्या गाडीचं नाव. आता ते आपल्या लग्नाच्या वऱ्हाडातलं झालंय.) या लांब गाड्यांवर वडाप चालू लागलं. वडाप म्हणजे वेळापत्रक नसलेली गाडी: भरली की सुटली. मराठवाड्यातल्या मैत्रिणी हिलाच काळीपिवळी म्हणतात.

वडाप कायद्यात बसत नव्हतं. कागदावर नऊ-दहा माणसं आणि गाडीत वीस. हात दाखवला की थांबायची, बाजाराच्या गाठोड्यासकट घ्यायची, सुटे नसले तर "उद्या द्या मावशी" म्हणायची. आपल्यातल्या किती जणी पहिल्यांदा एकटीनं तालुक्याला गेल्या, त्या वडापनंच. ड्रायव्हर गावचाच, कुणाचा तरी भाचा, कुणाचा तरी दीर. सासूला भरवसा असायचा. पंचायतीत निवडून आलेल्या पहिल्या बायका पंचायत समितीच्या बैठकीला गेल्या त्याही अशाच. बचत गटाचं पहिलं खातं उघडायला तिघीजणी बँकेत गेल्या, तेव्हा एकीच्या मांडीवर दुसरी बसली होती. आता त्यातली एक आमच्या ग्रामसंघाची अध्यक्ष आहे.

आणि बाळंतपणं. १०८ ची रुग्णवाहिका महाराष्ट्रात २०१४ साली सुरू झाली. त्याआधी रात्री कळा सुरू झाल्या तर जीपवाल्याचं दार वाजवायचं. एका गावात जीपमध्येच जन्मलेला मुलगा आहे, आता तो विशीत आहे, आणि सगळे त्याला अजून जीपच्या कंपनीच्या नावानंच हाक मारतात. त्याच्या आईला ते मुळीच आवडत नाही.

आम्ही फक्त गोडच सांगणार नाही. मागच्या पायरीवर लटकून जाताना पडलेल्या माणसांची नावं आपल्या प्रत्येकीला माहीत आहेत. १९८८ चा मोटार वाहन कायदा १९८९ च्या जुलैपासून लागू झाला. त्याच्या कलम ५२ प्रमाणं नोंदणीत लिहिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल मालकानं परस्पर करायचा नसतो. सर्वोच्च न्यायालयानंही २०१९ मध्ये हेच सांगितलं. अपघातानंतर गाडी नियमात नव्हती म्हणून विम्याची भरपाई मिळवताना एका घराचे फार हाल झाले. त्या घरची बाई आमच्याच गटात आहे. लांब केलेल्या बॉडीचं कौतुक चालू असताना ती गप्प बसली होती. म्हणून हेही बोललं पाहिजे.

आता पाटल्यांकडं येऊ. बँक गाडीला सगळं कर्ज देत नाही, पदरचे काही पैसे आधी भरावे लागतात. पदर कुणाचा, ते आम्ही विचारलं. जीपची गोष्ट सांगणाऱ्या बहुतेक घरांत हेच उत्तर आलं: पाटल्या मोडल्या, बोरमाळ गहाण टाकली, माहेरचं एकदाणी विकलं. एकीनं बोटावर मोजून सांगितलं, "पुढची दोन चाकं माझ्या पाटल्यांची, स्टेपनी डोरल्याची." गाडीच्या काचेवर मात्र रंगवलं होतं मुलाचं नाव. आर.सी. बुकावर नवऱ्याचं.

पाटल्या परत आल्या का? या प्रश्नावर बैठक शांत झाली. काहींच्या आल्या, वजनात थोड्या जास्तच आल्या, तेही सांगितलं पाहिजे. काहींच्या पाटल्यांची दुसरी जीप झाली. आणि काहींची जीप वडाप बंद पडल्यावर दारात उभी राहिली, कोंबड्या तिच्यात अंडी घालायला लागल्या, मग ती भंगारात गेली. भंगाराचे पैसे मोजताना सोन्याची आठवण कुणी काढली नाही.

वडाप आता कमी झालंय. घरोघरी मोटारसायकल आली, मुली स्कूटीवर कॉलेजला जातात. १७ मार्च २०२३ पासून एस.टी.त बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हापासून तर आपण एस.टी.चीच वाट बघतो. आणि गंमत अशी, की ज्या जुन्या जीपांना आपण भंगार म्हणत होतो, त्यांना शोधत शहरातली हौशी पोरं खेड्यात येतात. कुणाला गाडी कारखान्यातून निघाली तशी करायची असते: जुनं बोनेट, जुना रंग. ती पोरं मागची पायरी कापून टाकतात, जोडलेला पत्रा काढतात. त्यांच्या लेखी ते गावठी काम. कुणी उलट मोठी चाकं लावून डोंगरात पळवतात. हौस वाईट नाही. पण एखाद्या दारातली गाडी बरे पैसे देऊन जाते, तेव्हा व्यवहाराला घरातला कोण बसतो, एवढं आम्ही आता बघतो. मागच्या वर्षी आमच्या एका गटातल्या ताईंनी घेणाऱ्याला ओट्यावर बसवलं, चहा दिला आणि सांगितलं, "ह्यात माझं चार तोळं हाय. भाव माझ्याशी बोला." मालक आतून बाहेर आले आणि गप्प उभे राहिले. सौदा ताईंनीच केला. पायरी मात्र तिनं दिली नाही, काढून ठेवली. आता ती तिच्या चुलीपाशी पाट म्हणून आहे.

सध्या आपले गट पुन्हा गाड्यांसाठी कर्ज देतायत: छोटा टेम्पो, दुधाची गाडी, भाजीची गाडी. आर.सी. बुकावर मालकाचं नाव बहुधा एकच असतं. कर्ज गटाच्या सभासदाच्या नावावर असेल तर गाडीही तिच्याच नावावर, असा ठराव आमच्या दोन ग्रामसंघांनी केला. एका ठिकाणी त्यावरून नाराजी झाली, एक कर्ज परत गेलं. ठराव मागं घ्यावा का यावर अजून बोलणं चालू आहे. आमचं मत, घेऊ नये. गाडी आधीच दुसऱ्याच्या नावावर असेल, तर निदान हे माहीत असू द्या, की २०२१ पासून आर.सी.वर नॉमिनीचं नाव नोंदवता येतं. ते आर.टी.ओ. कार्यालयात विचारा.

तर मैत्रिणींनो, तुमच्या घरात जीपचा जुना फोटो असेल: लग्नातला, शिंगणापूरच्या चैत्री यात्रेतला, आषाढीला पंढरपूरला निघतानाचा, तर पुढच्या बैठकीला घेऊन या. फोटोमागं गाडीचं साल लिहा, गाव लिहा, ड्रायव्हरचं नाव लिहा. गाडीसाठी दागिना मोडला असेल तर तो कुणाचा, कोणता आणि किती तोळ्यांचा, तेही लिहा. लिहिता येत नसेल तर सांगा, आम्ही लिहून घेऊ. वही तयार आहे.