'लिहिले' म्हणजे कुठे लिहिले?

आज्ञावलीत फाइल लिहिण्याची आज्ञा दिली आणि संगणकाने 'काम झाले' असे कळवले, की मजकूर डिस्कवर पोचला असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसे असतेच असे नाही. असे का, हे समजण्यासाठी थोडे मागे जाऊ.

१९५६ साली आयबीएम कंपनीने 'रॅमॅक' हा संगणक जाहीर केला. त्याच्या साठवण यंत्रात सुमारे ६१ सेंटिमीटर व्यासाच्या ५० तबकड्या एकाच दांड्यावर मिनिटाला १२०० वेळा फिरत. त्या साऱ्यांत मिळून मावत अवघी ५० लाख अक्षरे! चुंबकीय फितीवरची नोंद शोधायला फीत उलगडत जावे लागे. येथे हव्या त्या नोंदीवर थेट जाता येई. तरी त्या जागी पोचायला सरासरी ०.६ सेकंद लागे. पुढे डिस्क वेगवान झाल्या, पण यांत्रिक हालचाल उरलीच. संगणकाच्या स्मृतीपुढे त्या मंदच राहिल्या.

अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत १९६९ मध्ये युनिक्स या कार्यप्रणालीचे काम सुरू झाले. तिचे जनक डेनिस रिची व केन थॉम्प्सन यांनी १९७४ च्या आपल्या लेखात यावरचा तोडगा सांगितला आहे. 'राइट' ही आज्ञा आली की मजकूर स्मृतीतील राखीव जागेत ठेवायचा, आज्ञावलीला लगेच मोकळे करायचे आणि डिस्कवर सवडीने लिहायचे. दुकानदार आधी कच्च्या वहीत टिपून मग पक्की वही लिहितो, तसेच हे. पुढच्या काळातील युनिक्समध्ये दर ३० सेकंदांनी कच्च्या नोंदी पक्क्या करणारी एक वेगळी आज्ञावलीच चालत असे.

पण मधल्या वेळात वीज गेली तर? स्मृतीतील मजकूर नाहीसा होई. नोंद पक्की झाल्याखेरीज पुढे जाता येत नाही अशा व्यवहारांना हे चालण्यासारखे नव्हते. म्हणून १९८३ च्या बर्कले युनिक्समध्ये 'एफसिंक' ही आज्ञा आली. तिचा अर्थ, 'ही फाइल डिस्कवर जाईपर्यंत मी थांबतो.'

सी भाषेत याच्याही आधी एक पायरी असते. 'एफप्रिंटएफ'ने लिहिलेला मजकूर बहुधा प्रथम आज्ञावलीच्याच स्मृतीत साठतो. 'एफफ्लश' किंवा 'एफक्लोज' तो कार्यप्रणालीच्या हवाली करते. डिस्कची हमी तेव्हाही नसते.

आज अनेक संगणकांत फिरत्या तबकड्या नाहीत, पण कच्च्या-पक्क्या वहीची रीत टिकून आहे. संगणक रीतसर बंद करा असे आपण मुलांना बजावतो, ते याचसाठी. फाइल लिहायला शिकवताना एक प्रश्न जरूर विचारावा : या क्षणी मजकूर नेमका कोणत्या वहीत आहे?